रविवारी बाजार बंद असतो

पावसाळा सुरू झाला की घणसोली, ऐरोली, कोपरखैरणे या भागांतून जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलामुलींचे, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आयांचे, फोन मला येऊ लागतात. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळालेला असतो, प्रवेशाचे पत्र हाती आलेले असते, व्हिसाची तारीख लागलेली असते आणि मग उरलेला प्रश्न खाण्याचा असतो. चकल्या किती द्याव्यात, थालीपिठाची भाजणी किती महिने टिकते, तूप विमानात चालते का, अशी यादीच समोर येते. या सगळ्यांची उत्तरे मी देते. पण त्याआधी मी एक गोष्ट सांगते आणि ती ऐकून पलीकडची आई थोडी गोंधळते. मी म्हणते की तुमच्या मुलाला घरच्या चवीची आठवण येणारच आहे, तरी त्याचे जेवण त्यामुळे बिघडणार नाही. ते बिघडेल तिथल्या आठवड्यामुळे. कोणत्या वारी दुकाने बंद असतात, गरम जेवण कोणत्या वेळी मिळते, संध्याकाळी माणसे काय खातात आणि घरात किती दिवसांचे सामान असावे लागते, हे एकदा अंगवळणी पडले की चव मागाहून जुळवता येते.

माझे पदव्युत्तर शिक्षण कार्ल्सरुहे या नैर्ऋत्य जर्मनीतल्या शहरात झाले. शिक्षण आणि पुढची नोकरी आटोपून मी घणसोलीत परतले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. मी गेले तेव्हा आमच्या आळीतून तिकडे गेलेले कोणी नव्हते. आता चित्र पार बदलले आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांमध्ये जवळपास ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठा गट भारतीयांचाच होता. एवढी मुले जात असताना त्यांच्या रोजच्या ताटाबद्दल नीट लिहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

आधी आपला इकडचा आठवडा कसा असतो ते पाहू. आमचे घर आगरी. सोमवार आणि गुरुवार शाकाहाराचे, बुधवार, शुक्रवार आणि रविवार माशांचे, आणि त्यातही रविवार म्हणजे चिंबोऱ्या, कोळंबी किंवा मटण. मासळी सकाळी आणायची आणि दुपारी संपवायची. भाजीवाली दारावर येते, कोथिंबिरीची जुडी रोज ताजी मिळते, आणि रात्री दहा वाजता डाळ संपल्याचे लक्षात आले तरी कोपऱ्यावरचा वाणी उघडा असतो. आमच्या घरात पंधरा दिवसांचा तांदूळ असेल, पण बाकीचा स्वयंपाक दिवसाच्या दिवसाला उभा राहतो. या सवयीत वाढलेल्या माणसाला साठवण म्हणजे पापड, लोणची, सुकी मासळी आणि वर्षाचा मसाला एवढेच माहीत असते. रोजच्या जेवणाची आठवडाभर आधी आखणी करावी लागते, ही कल्पनाच आपल्याकडे नाही.

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या वायमार संविधानाने, म्हणजे त्या काळच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या संविधानाने, संरक्षण दिले होते आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे आजच्या संविधानाने, ते कलम जसेच्या तसे पुढे चालू ठेवले. म्हणजे हा व्यापाऱ्यांच्या सोयीचा प्रश्न नाही, तिथल्या संविधानाने मान्य केलेली गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती सहजासहजी बदलत नाही. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकरी एवढे अपवाद असतात, पण तिथे महिन्याचा बाजार करणे विद्यार्थ्याला परवडत नाही. सार्वजनिक सुट्टीलाही हाच नियम लागू होतो. आपल्याकडे सणाच्या दिवशी बाजार फुललेला असतो. तिथे सण म्हणजे बाजार बंद.

त्यामुळे माझा शनिवार हळूहळू बाजाराचा वार झाला आणि रविवार स्वयंपाकाचा. शनिवारी सकाळी आधी भाजी आणि दूध, मग तुर्की दुकान, आणि महिन्यातून एखाद्या वेळी लांबचे आशियाई दुकान, असा क्रम ठरला. रात्री मूग किंवा मटकी भिजत घालायची, रविवारी दुपारी एक उसळ, एक आमटी आणि एखादी कोरडी भाजी करून डब्यांत भरायची, म्हणजे बुधवारपर्यंतची काळजी मिटते. वसतिगृहात फ्रिज सामाईक असतो. माझ्या वाट्याला त्यातला एक कप्पा आणि शीतकप्प्याचा एक कोपरा येत असे, त्यामुळे चौकोनी, एकावर एक बसणारे डबे फार उपयोगी पडत. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. परंतु प्रयोगशाळेतून रात्री आठ वाजता थकून आलेल्या मुलाला फ्रिजमध्ये आमटीचा डबा मिळतो की नाही, यावर त्याचे सत्र कसे जाणार हे बऱ्याच अंशी ठरते, असे मी माझ्यासोबतच्या अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

दुपारच्या जेवणासाठी माझा आग्रह विद्यापीठाच्या भोजनगृहाचा आहे. त्याला तिकडे मेन्सा म्हणतात. विद्यार्थी कल्याणाच्या सार्वजनिक संस्था ही भोजनगृहे चालवतात, विद्यार्थ्यांना दर वेगळा, कर्मचाऱ्यांना वेगळा आणि बाहेरच्यांना वेगळा असतो, आणि ओळखपत्रावर पैसे भरून ठेवले की त्यातूनच वजा होतात. जर्मन माणसाचे दिवसाचे मुख्य गरम जेवण परंपरेने दुपारचे असते आणि मेन्सा त्याच घडीवर चालते: साडेअकराच्या सुमारास गर्दी सुरू होते आणि दोननंतर बहुतेक काउंटर रिकामे होतात. आपली मुले इथेच अडतात. घरी दीड-दोनला जेवायची सवय असलेला मुलगा अडीच वाजता तिथे पोहोचतो, काहीच मिळत नाही, मग तो खोलीवर जाऊन शेवयांचे पाकीट उकळतो, आणि हे आठवड्यातून चार वेळा घडले की मेन्साचे जेवण वाईट असते असे तो घरी सांगू लागतो. बारा वाजता जेवायला शिका, असे मी प्रत्येकाला सांगते. सकाळी आठच्या तासाला बसलेल्या माणसाला बारा वाजता भूक लागलेलीच असते.

मेन्सातले जेवण सौम्य असते. उकडलेले बटाटे, पातळ रस्सा, वाफवलेल्या भाज्या, पास्ता, आणि त्या भागाची ओळख असलेले श्पेट्झले नावाचे अंड्याचे घरगुती नूडल्स. श्वेबियन, म्हणजे शेजारच्या श्वाबेन भागातल्या, पद्धतीचे मसूर आणि श्पेट्झले हा पदार्थ मला पुढे फार आवडू लागला. घट्ट मसुरीत थोडा व्हिनेगर असतो आणि ती आंबटगोड चव आपल्या माणसाला लगेच आपली वाटते. मात्र शाकाहारी मुलांनी आणि डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तिकडे मसूर परंपरेने डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसह शिजवतात आणि वर सॉसेज देतात. वरणासारखी दिसते म्हणून डाळ निर्धोक आहे असे समजू नये. घेवड्याच्या भाजीत आणि बटाट्याच्या कोशिंबिरीतही तेच तुकडे असू शकतात, आणि दह्याच्या काही गोड प्रकारांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ, असते. प्रत्येक पदार्थासमोर मांस, अंडी, दूध आणि ॲलर्जीकारक घटकांच्या खुणा छापलेल्या असतात, त्या वाचायची सवय पहिल्याच आठवड्यात लावावी. शुक्रवारी मासे मिळण्याची शक्यता अधिक, कारण शुक्रवारी मांस टाळण्याची जुनी कॅथलिक प्रथा भोजनगृहांच्या आखणीत अजून टिकून आहे. आमच्या घरीही शुक्रवार माशांचाच. हा योगायोग मला तिथे फार दिलासा देऊन गेला.

दुपारी पोटभर गरम जेवल्यावर संध्याकाळी जर्मन घरांत ब्रेड, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो असे थंड जेवण मांडतात. आपल्याकडच्या माणसाला हे जेवण वाटतच नाही, आणि ते मी समजू शकते. तरीही त्या ब्रेडबद्दल मला आदराने लिहायचे आहे. भारतात आपण ज्याला ब्रेड म्हणतो त्या पांढऱ्या, मऊ, किंचित गोड लादीशी त्याचा फारसा संबंध नाही. राय धान्याचा, आंबवलेल्या पिठाचा, जाड पापुद्र्याचा तो ब्रेड आठवडाभर टिकतो, त्याला चावावे लागते आणि त्याच्यात धान्याची खरी चव असते. तीन हजारांहून अधिक प्रकारांची नोंद असलेली ही परंपरा तिथल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि ती तिथे असणे योग्यच आहे. अशा ब्रेडच्या कापावर लोणी आणि घरची सुकी लसणाची चटणी लावून खाल्ली की रात्रीच्या घाईच्या वेळी दुसरे काही सुचत नाही. बेकरीत सांगितले तर ते काप करून देतात.

आता स्वयंपाकघराकडे वळते. तिथे गॅसची शेगडी क्वचितच मिळते. काचेच्या पृष्ठभागाखाली विजेची तार तापते, ती सावकाश तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. फोडणीची सगळी लय त्यामुळे बदलते. तेल तापल्यावर शेगडी बंद करून मोहरी टाकली तरी ती तडतडते, आणि हळद-मसाला घालण्याआधी भांडे बाजूला उचलून घ्यावे लागते, नाहीतर मसाला जळतो. धूर झाला तर प्रश्न चवीपुरता राहत नाही, कारण घरोघरी धूरसूचक बसवलेले असतात आणि वसतिगृहांत ते कधी थेट इमारतीच्या यंत्रणेला जोडलेले असतात. सुक्या मिरचीची फोडणी खिडकी उघडून, दार बंद करून आणि मंद आचेवर द्यावी. कुकर मात्र अवश्य न्यावा, तीन लिटरचा पुरतो. शिट्टीच्या आवाजाने शेजारी दचकतात, म्हणून सोबत्यांना आधीच सांगून ठेवावे.

कार्ल्सरुहेचे पाणी क्षारांचे आहे. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते, मात्र त्यातल्या कॅल्शियममुळे कडधान्याची साल लवकर मऊ होत नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते. त्या पाण्यात डाळ शिजवायची सवय असलेल्यांना तिथे डाळ जुनी आहे की काय असा संशय येतो. कडधान्य रात्रभर भिजवावे, कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात आणि कोकम, चिंच किंवा टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावे, कारण आंबटानेही डाळ शिजायला वेळ लागतो.

पोळीविषयी सगळ्यांत जास्त विचारले जाते. तिथल्या दुकानात गव्हाच्या पिठाच्या पाकिटांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम खनिज राख उरते, त्याचा तो आकडा. आकडा जितका लहान तितके पीठ पांढरे, म्हणून ४०५ म्हणजे साधारण आपला मैदा. संपूर्ण गव्हाच्या पिठाला आकडा नसतो, पण त्यातला कोंडा मोठा आणि वेगळा राहतो. आपल्या चक्कीत दगडांच्या घर्षणाने गव्हातल्या पिष्टाचे कण तुटतात, ते पाणी जास्त धरतात आणि म्हणून पोळी मऊ राहते. तिकडच्या पिठात हे त्या प्रमाणात होत नाही. संपूर्ण गव्हाचे आणि १०५० क्रमांकाचे पीठ निम्मे-निम्मे घेऊन, कोमट पाण्यात सैल मळून अर्धा तास झाकून ठेवले तर बरी पोळी होते. शेगडीला ज्योत नसल्यामुळे फुलका मात्र थेट आचेवर फुलवता येत नाही, तो तव्यावरच कापडाने दाबून फुलवावा लागतो. भारतीय दुकानात आपली कणीक मिळते, पण अशी दुकाने मोठ्या शहरांत अधिक, आणि भाव इथल्यापेक्षा बराच चढा.

मला स्वतःला पोळीची अडचण कमी जाणवली, कारण आमच्या घरी खरे अन्न तांदळाची भाकरी. आणि गंमत अशी की आगरी-कोळी घरातली ही भाकरी जर्मनीत पोळीपेक्षा सोपी पडते. आशियाई दुकानात थाई तांदळाचे पीठ स्वस्त मिळते. फक्त पाकीट पाहून घ्यावे, कारण शेजारीच चिकट तांदळाचे पीठ ठेवलेले असते आणि त्याची भाकरी होत नाही. हे पीठ आपल्या गिरणीतल्या पिठापेक्षा फार बारीक असते. पाण्याला उकळी आली की मीठ आणि पीठ घालून ढवळायचे, झाकण ठेवून आच बंद करायची आणि तारेच्या उरलेल्या उष्णतेवर वाफ येऊ द्यायची. जी उष्णता फोडणीला त्रास देते तीच उकडीला अगदी योग्य ठरते. उकड गरम असतानाच, हाताला पाणी लावत, पुष्कळ मळायची. जाड बुडाचा लोखंडी तवा चांगला तापू द्यावा आणि तो काचेवर ओढू नये, कारण चरे पडतात आणि खोली सोडताना त्याचे पैसे भरावे लागतात. त्या भाकरीला पापुद्रा सुटतो. परदेशात पापुद्रा सुटलेली पहिली भाकरी पाहून मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही.

भातासाठी बासमती सगळीकडे मिळतो, पण रोजच्या आमटी-भाताला तो कोरडा वाटतो. थाई जास्मिन तांदळाचा भात आपल्या घरच्या भाताच्या जास्त जवळ जातो, आणि आजारपणात मऊ भात हवा असेल तर दुधात शिजवून खीर करण्यासाठी विकला जाणारा जाड, आखूड तांदूळ उत्तम. मसूर डाळ तिथल्या कोणत्याही साध्या दुकानात असते. तूर लागत असेल तर भारतीय दुकान गाठावे लागते. आठवड्यातले चार दिवस मसुरीवर काढायला माझी काहीच हरकत नसे, कारण ती भिजवावी लागत नाही आणि वीस मिनिटांत शिजते.

तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, आणि त्यात तूपही आले. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांनाही वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे तेवढी त्यातून सुटतात. म्हणजे आईने प्रेमाने दिलेला कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या विमानतळावर फेकल्या जाऊ शकतात, पण नारळ जाऊ शकतो. तुपावाचून मात्र अडत नाही. तिथे कढवलेले लोणी बुटरश्माल्झ या नावाने मिळते, आणि त्याहून चांगला उपाय म्हणजे आंबवलेल्या सायीचे लोणी आणून घरी कढवणे. आपले तूप विरजणाच्या सायीच्या लोण्याचे असते, त्यामुळे त्या लोण्याचे तूप वासाला घरच्यासारखेच निघते. दुधाची मात्र सवय करून घ्यावी लागते. तिथे म्हशीचे दूध दुकानात मिळत नाही आणि गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन टक्के असतो, त्यामुळे चहा पातळ लागतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मसाला. उन्हाळ्यात बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्या वाशीच्या मसाला बाजारातून आणून, वाळवून, भाजून कांडपावर कुटून आणलेला आगरी मसाला दोन किलो न्या आणि बाकीच्या फराळाला कात्री लावा, असे मी सांगते. चकल्या पंधरवड्यात संपतात आणि संपल्यावर मन जास्त खट्टू होते. मसाल्याने वर्षभर रोज काहीतरी शिजते. सोबत हिंग, कोकम, गोडा मसाला आणि थोडे जिरे असावे, कारण तिकडच्या दुकानात जिऱ्यासारखे दिसणारे जे दाणे सर्रास मिळतात ते शहाजिऱ्याच्या जवळचे असतात आणि त्यांच्या फोडणीने आमटीचा स्वाद पूर्ण बदलतो. मसाला दुहेरी पिशवीत, हवाबंद करून, कपड्यांपासून वेगळा बांधावा.

सुक्या मासळीबद्दल आमच्या समाजातल्या आया आवर्जून विचारतात. नियमाने ती नेता येते. प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी २० किलोपर्यंत मासळी नेण्याची मुभा आहे आणि तिच्यात सुकवलेली मासळीही येते. तूप अडते आणि बोंबील जातो, हे ऐकून सगळ्यांना नवल वाटते. तरीही सहा जणांच्या सामाईक स्वयंपाकघरात सुकट भाजण्यापूर्वी विचार करावा. तो वास आपल्याला घराचा वाटतो, तसा तो सोबत्याला वाटावा अशी अपेक्षा धरता येत नाही. मी सुकट न्यायची ती घरीच कोरडी भाजून, चटणी करून, आणि सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले की कांद्यावर परतायची.

ताज्या माशांबाबत कार्ल्सरुहे समुद्रापासून फार दूर आहे. गोठवलेले, काटे काढलेले सागरी माशांचे तुकडे मिळतात आणि ते कालवणात विरघळतात, म्हणून रस्सा पूर्ण उकळून, मासे शेवटच्या पाच मिनिटांत सोडावे. जवळच्या ब्लॅक फॉरेस्टच्या ओढ्यांकडचा ट्राउट हा गोड्या पाण्यातला मासा मात्र ताजा आणि अख्खा मिळतो. तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळलेला ट्राउट मी माझ्या आईलासुद्धा विश्वासाने वाढेन.

माझे मन तिथे रमले ते ऋतूंमुळे, आणि याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. तिथला भाजीबाजार ऋतूला घट्ट बांधलेला आहे. मार्च-एप्रिलमध्ये रानलसणाची पाने येतात. ती मुटक्यांत, भाकरीच्या उकडीत किंवा वरणात घातली की लसूण आणि पालेभाजी दोन्हींचे काम होते. ती बाजारातूनच घ्यावीत, रानातून खुडू नयेत, कारण तशीच दिसणारी विषारी पाने शेजारीच उगवतात. मग शतावरीच्या जातीचे पांढरे कोंब येतात. कार्ल्सरुहेच्या जवळचे ब्रुखसाल हे त्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि लोक त्याची वाट पाहतात, भावाची चर्चा करतात, शेवटचे कोंब खाऊन घेतात. २४ जूनला हा हंगाम परंपरेने संपतो. आपल्याकडे आंब्याचे जे असते तेच हे, आणि ते कळल्यावर मला त्या लोकांबद्दल एकदम जवळीक वाटली. त्याच दिवसांत रुबार्बचे लाल-हिरवे देठ येतात. जर्मन लोक त्यात भरपूर साखर घालून केक करतात. मी ते आमटीत घालू लागले. कैरी किंवा अंबाडीसारखा स्वच्छ आंबटपणा, आणि माशाच्या कालवणात तर कोकमाची आठवणही येत नाही. फक्त देठच वापरावेत, पाने विषारी असतात. नवलकोल तिथे आवडीची भाजी आहे आणि पाल्यासकट मिळते. शरदात येणारा लहान, केशरी लाल भोपळा सालीसकट शिजतो आणि त्याचे भरीत उत्तम होते.

कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी, छोले यांसाठी तुर्की दुकान शोधावे. मोठ्या दुकानात कोथिंबीर कुंडीत चार काड्या अशी मिळते, तुर्की दुकानात जुडी मिळते. आयरान नावाचे त्यांचे ताक थोड्या जिऱ्याने अगदी आपले होते. माझा असा ठाम अनुभव आहे की परदेशात पहिली ओळख भारतीय दुकानदाराशी होण्यापेक्षा तुर्की भाजीवाल्याशी झाली तर स्वयंपाक लवकर स्थिरावतो, कारण आपल्या गावच्या भाजीबाजारासारखे तिथे रोजच्या भावाने ताजे काही ना काही असतेच.

पैशांचा विचारही याच आखणीत येतो. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरो काढता येतात. भाडे आणि आरोग्य विमा गेल्यावर जे उरते त्यात बाहेरचे जेवण बसत नाही. मेन्सा आणि रविवारचा स्वयंपाक यांच्या जोडीवर मात्र व्यवस्थित भागते.

हिवाळ्याबद्दल थोडे लिहिते. कार्ल्सरुहेतून ४९ वे उत्तर अक्षवृत्त जाते, आपण १९ अंशांवर राहतो. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, साडेचारला अंधार पडतो आणि भुकेचे भान सुटते. मुले कधी दिवसभर खात नाहीत, कधी रात्री अकराला बिस्किटांचे पुडे संपवतात. जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्वाची आणि शाकाहाऱ्यांनी बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. आणि जेवताना घरी फोन लावावा. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. तिथे संध्याकाळचे सहा वाजले की घणसोलीत जेवणे आटोपून आई निवांत बसलेली असते. मी ताट समोर घेऊन फोन लावायचे. ती ताटात काय आहे ते दाखवायला सांगायची, आणि दाखवायचे आहे या जाणिवेने मी एक भाजी जास्त करायचे. एकट्याने जेवणाऱ्या माणसाला कोणीतरी विचारणारे असावे लागते. आयांनो, मुलाला फोनवर अभ्यासाच्या आधी जेवणाचे विचारा, त्यात संकोच करू नका.

नाताळची तयारी वेगळी करावी. २४ डिसेंबरला दुपारीच दुकाने मिटतात, २५ आणि २६ ला सुट्टी असते, आणि २५ तारीख शुक्रवारी आली तर रविवार धरून सलग तीन दिवस काहीच मिळत नाही. मेन्साही त्या काळात बंद असते. त्या आठवड्यासाठी तांदूळ, डाळ, अंडी, बटाटे, कांदे आणि गोठवलेली मासळी आधीच आणून ठेवावी, आणि वसतिगृहात मागे राहिलेल्या इतर देशांच्या मुलांना जेवायला बोलवावे. तांदळाची भाकरी आणि अंड्याचा रस्सा कोणालाही आवडतो.

जाण्याआधी वसतिगृहाला एक पत्र लिहून शेगडी कोणत्या प्रकारची आहे ते विचारून घ्या. शेगडी चुंबकीय इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि तवा तिच्यावर तापणारच नाहीत, तिथे लोखंडाचा तवा आणि इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा स्टीलचा कुकर लागतो. भांडे चालेल की नाही ते पाहायला घरातले लोहचुंबक बुडाला लावून पाहावे, चिकटले तर चालते. मिक्सर नेण्यात अडचण नाही, कारण तिथलाही दाब २३० व्होल्टचाच आहे, फक्त प्लगचा अडॅप्टर लागतो. खोबरे किसायची छोटी खवणी मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात ती सोडणार नाहीत.